करंजाची जून पानं

डोंबिवली, ८ डिसेंबर २०२४

आई,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलंय. तीन वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही आणि आता एकदम साष्टांग घातला, तर तुम्ही हा कागद बंबात घालाल. ते बरोबरच होईल. म्हणून नुसतं 'आई' राहू दे.

मागच्या आठवड्यात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकल्याबरोबर तुम्ही फोन समृद्धीच्या हातात दिलात. 'ताई, आई पाणी भरतायत,' ती म्हणाली. मागे तुमची मालिका चालू होती आणि तुम्ही त्यातल्या सासूला शिव्या घालत होतात, ते मला नीट ऐकू येत होतं. तुमच्या धाकट्या सुनेला खोटं बोलता येत नाही, तिच्यावर ही वेळ आणू नका. म्हणून लिहितेय. तुम्ही रोज सकाळी पोथी वाचता तसं हे वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

नयन रविवारी तुमच्याकडे येऊन गेला आणि इथे आल्यावर गप्प बसला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आईनं बोंबलाचं कालवण सगळ्यांना वाढलं आणि स्वतः दूधभात खाल्ला. तुम्ही! दूधभात तर तुम्ही तापातही खात नाही. त्यानं विचारलं तर म्हणालात, "मना काय झालां नाय. उष्णता झालेय."

मी त्याला विचारलं, कधीपासून? माहीत नाही. कुठल्या गालात? माहीत नाही. फोड आहे की चट्टा? तर म्हणतो, "अगं, मी काय आईच्या तोंडात डोकावून बघू?" पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह दिवसभर डोकावून बघतो, पण आईच्या तोंडात बघायला त्याला लाज वाटते.

मी दातांची डॉक्टर नाही. कॉलेजात जंतू शिकवते. पण लोकांच्या तोंडातले जंतू वाढवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय आणि त्यासाठी दातांच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं बसलेय, की काही गोष्टी आपोआप कळतात. मशेरी लावणाऱ्या बाईच्या गालातलं दुखणं तीन आठवड्यांत बरं झालं नाही, तर ती उष्णता नसते. वर्तकनगरला माझ्या माहेराच्या समोरच एक डॉक्टर बाई आहेत. हात हलका आहे, बडबड कमी आहे. त्यांना एकदा दाखवा. नयन घेऊन जाईल. मी येणार नाही, त्याची काळजी नको.

गौरीच्या वेळचं काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. पण ते मध्ये बसलेलंच आहे, तर एकदा काढते आणि संपवते. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद, प्रयोगशाळेची वीज कधी जाईल सांगता येत नव्हतं, म्हणून मी माझ्या बशा आणि नळ्या घरी आणून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. तुम्ही गौरी यायच्या आदल्या दिवशी फ्रिज साफ केलात आणि बुरशी आलेलं दिसलं ते सगळं घंटागाडीत टाकलंत. सणाच्या घरात बुरशी कोण ठेवतं? माझ्या आईनंही तेच केलं असतं. पण त्या बुरशीत माझ्या संशोधनाची चार वर्षं होती. मी बोलले, तुम्हीही बोललात, महिन्याभरात आम्ही डोंबिवलीला आलो.

मी माफी मागायला लिहीत नाही. तुम्हीही मागू नका. मी फार दमलेय आई, आणि भांडण चालू ठेवायलासुद्धा अंगात जोर लागतो. तेवढं तोंड दाखवून या.

कृतिका


डोंबिवली, २२ डिसेंबर

आई,

तुम्ही वर्तकनगरला गेला नाहीत. मी समृद्धीला म्हटलं, निदान मोबाइलवर आईंच्या गालाचा फोटो काढून पाठव. ती म्हणाली, 'त्या तोंडच उघडत नाहीत, ताई. पण दुसरा एक फोटो पाठवते, तो बघा.'

तो भिंतीचा फोटो होता. घड्याळाच्या बाजूला मामंजींची तसबीर, आणि तिच्या खाली काचेच्या चौकटीत पेपरातलं ते कात्रण. 'करंजाच्या पानात दातांच्या रोगांवर रामबाण औषध! ठाण्याच्या सुनेचं संशोधन.' वर माझा डोळे मिटलेला फोटो. ते कात्रण मी इथे कपाटाच्या तळाशी दडवून ठेवलंय, कारण मला त्याची लाज वाटते. तो पत्रकार पाच मिनिटं फोनवर बोलला होता. 'रामबाण' हा शब्द मी उभ्या आयुष्यात वापरलेला नाही. आणि तुम्ही त्याला चौकट करून घेतलीत. मला पीएचडी मिळाली तेव्हा तुमच्याकडून एक शब्द आला नव्हता. मी तेव्हा नयनला म्हटलंसुद्धा, की तुझ्या आईला त्याचं काही नाही.

हे बघून मी रडले. मग समृद्धीनं पुढचं सांगितलं आणि रडू गेलं.

तुम्ही रोज सकाळी मागच्या विहिरीवरच्या करंजाची पानं वाटून तो गोळा गालात धरता. संध्याकाळी त्याच पाल्याच्या काढ्यानं गुळण्या करता. नयन डॉक्टरचं नाव काढतो तेव्हा म्हणता, "डॉक्टर कनाला? आमचे घरानच डॉक्टरीन हाय. तिना सांगलंय, झाडान औशद हाय."

आई, तिनं असं सांगितलेलं नाही!

नीट ऐका. पानात औषध नाही. पानाच्या आत एक बुरशी राहते. झाडाला त्रास देत नाही, भाडं थकवत नाही, गुपचूप राहणारी भाडेकरू म्हणा. मी पान आधी स्पिरिटमध्ये आणि मग ब्लीचच्या पाण्यात धुते, म्हणजे वरची धूळ आणि वरची बुरशी मरते. मग बारीक तुकडे करून खळीसारख्या घट्ट गरावर ठेवते. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरा कापूस बाहेर येतो. ती आतली बुरशी. तिला वेगळी वाढवायची, ती जे पाण्यात सोडते त्याचा अर्क काढायचा, आणि दात किडवणाऱ्या जंतूंनी भरलेल्या बशीत त्याचा थेंब टाकायचा. थेंबाभोवती जंतू वाढले नाहीत, तर तिथे एक स्वच्छ वर्तुळ राहतं. माझं सगळं संशोधन म्हणजे ते वर्तुळ. काचेच्या बशीतलं. माणसाच्या तोंडात मी ते कधी घातलेलं नाही आणि घालायची मला परवानगीही नाही.

आणि ते सगळं खरं धरलं तरी ते दात किडवणाऱ्या जंतूंवर. तुमच्या गालातलं जंतूंनी झालेलं नाही. ते मशेरीनं झालंय. त्याला तुम्ही अख्खा करंज वाटून लावलात तरी ते हलणार नाही, उलट रोज वाढत असेल.

तुम्हाला आठवतं का, अगदी सुरुवातीला मला जंतू हवे होते आणि मी कापूस लावलेली काडी घेऊन घरभर फिरत होते? नयन बाथरूममध्ये जाऊन बसला. मामंजी म्हणाले, माझे दात जाऊन जमाना झाला. आणि तुम्ही ओट्याशी उभ्या होतात, हाताला मच्छीचा वास, तुम्ही मोठा आ केलात आणि म्हणालात, "घे गो, काय पायजे तां घे." त्या नळीवर मी तुमचंच नाव लिहिलं होतं, 'आवडा-१'. चांगले तगडे जंतू होते. गौरीच्या वेळी घंटागाडीत तेही गेले. तुमचे तुम्हीच टाकलेत.

तेव्हा मागितल्याबरोबर तोंड उघडलंत. आता का नाही?

ते कात्रण काढून टाका. निदान तो पाला बंद करा.

कृतिका


डोंबिवली, ५ जानेवारी २०२५

आई,

नयननं तुमचं उत्तर आणलं. दोन्ही पत्रं तुम्ही चष्मा लावून मोठ्यानं वाचलीत, दुसरं दोनदा, आणि घडी घालून पोथीत ठेवलीत. मग म्हणालात, "ती माझेवर रागावलेय म्हनून कागदान असां लिवते. पेपरान लोकांसमोर बोलली तां खरा."

म्हणजे तुमच्या झाडाचं औषध मी रागानं नाकारतेय, असा तुमचा समज. मला वाटलं होतं की शास्त्र समजावलं की झालं. पंधरा वर्षं शिकवूनही मी दर वेळी हेच समजते.

तर आता कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नाही ते तुम्हाला सांगते. माझी बुरशी काम करत नाही. दिवाळीनंतर ज्यांनी माझा लेख तपासला, त्यांनी प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितलं. केला. वर्तुळ आलं नाही. पुन्हा केला. बशीभर जंतू अगदी थेंबाला चिकटून वाढले. बुरशी मेलेली नाही हो, चांगली पांढरी, गुबगुबीत आहे, आयतं खाऊन बसलेल्या जावयासारखी. पण झाडापासून दूर, बाटलीतल्या खाण्यावर बरेच दिवस काढले की ती औषध करणं सोडून देते. असं होतं, पुस्तकात लिहिलंय. माझ्या बाबतीत होणार नाही असं मला उगाच वाटलं होतं. विद्यार्थ्यांसमोर मी रोज उभी राहते, 'मॅडमचं काम पेपरात आलं' म्हणून ते कौतुकानं बघतात, आणि मला मान वर करावीशी वाटत नाही. कल्याणच्या कॉलेजातून घरी आले की जेवणसुद्धा नकोसं होतं.

हे मी रागानं लिहिलंय का, तुम्हीच सांगा. ज्या औषधाच्या भरवशावर तुम्ही गालातलं दुखणं सोडून दिलंय, ते माझ्या बशीतसुद्धा उरलेलं नाही.

एक उपाय आहे. त्याच झाडाची पानं उकळून तो काढा बुरशीच्या खाण्यात घातला, तर ती कधी कधी पुन्हा कामाला लागते. माहेरचं पाणी म्हणा. म्हणून गेल्या रविवारी मी नयनला पानं आणायला सांगितली. त्यानं आणली, नेहमीसारखीच. जून, गडद हिरवी, एकावरही डाग नाही, देठासकट, ओल्या सुती फडक्यात गुंडाळलेली. मी सहज म्हटलं, "काही म्हण, पानं मात्र तू छान काढतोस." तर हा लाल झाला.

"मी कुठे काढतो? आईच काढून ठेवते. पहिल्यापासून. तुला सांगू नको म्हणालेली."

आई, मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो पानं निवडून ओल्या फडक्यात कसा बांधेल? मी पीएचडीच्या प्रबंधात त्याचे आभार मानलेत, 'पानांच्या संकलनासाठी'. छापून गेलंय ते.

म्हणजे तीन वर्षं माझा फोन घेतला नाहीत आणि तीन वर्षं माझ्यासाठी पानं काढलीत. डागाळलेलं पान मला चालत नाही, कोवळं चालत नाही, कोरड्या पिशवीत सुकतं, हे सगळं मी तुम्हाला एकदाच कधीतरी स्वयंपाक करता करता सांगितलं होतं. ते तुम्ही लक्षात ठेवलंत. फ्रिज साफ केल्याचं तुम्हाला किती लागलं होतं ते मला आत्ता कळतंय. मी ओट्याशी ते फडकं धुतलं आणि वाळत घातलं.

इतक्या पानांतून बारीक डाग शोधून बाजूला काढता, आणि स्वतःच्या गालातला दिसत नाही तुम्हाला? दिसतोय. मला माहितीय तुम्हाला दिसतोय. तुम्ही घाबरलाय. घाबरा, पण दाखवा.

कृतिका


डोंबिवली, १२ जानेवारी

आई,

समृद्धीचा फोन आला. "तोंड उघडीन, पन तिचेसमोर. दुसरे कोनासमोर नाय."

येते. मंगळवारी संक्रांत आहे, रजा टाकलीय. ठाण्यापर्यंत कशीही येईन, पुढे घोडबंदरची बस. आपल्या गल्लीच्या तोंडावर नवा टॉवर उभा राहिलाय आणि आता बाहेरचा माणूस गावठाणाची वाट चुकतो, असं नयन सांगतो. मी चुकले तर हसू नका.

बोंबील करू नका. तुम्ही खाणार नसाल तर मला जाणार नाहीत. तिळगूळही मऊ करते, कडक नको.

आणखी एक. बघितल्यावर मला काय वाटलं ते माझ्या चेहऱ्यावर येईल. मला ते कधीच लपवता आलं नाही, गौरीच्या वेळी तुम्ही पाहिलंच आहे. तर त्या वेळी माझ्या तोंडाकडे बघू नका. भिंतीकडे बघा. पण ते कात्रण दिसणार नाही अशा भिंतीकडे.

तिथून आपण थेट वर्तकनगरला जाऊ. डॉक्टर बाईंशी बोलून ठेवलंय.

कृतिका


डोंबिवली, २७ जानेवारी

आई,

संक्रांतीपासून रोज तो प्रसंग आठवतोय. तुम्ही मागच्या दारी उजेडात पाटावर बसलात आणि आ केलात, पण तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं. त्या दिवशी ओट्याशी केलेला आ कुठे आणि हा कुठे. मी मोबाइलचा उजेड आत धरला. तुम्हाला भिंतीकडे बघायला सांगितलं होतं, पण तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मी एक शब्द बोलले नव्हते. तुम्हीच म्हणालात, "समजला. चप्पल घालते."

त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे. वर्तकनगरच्या बाईंनी बघितल्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे गालातला तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट शुक्रवारी आला. तुम्हाला नयननं काय सांगितलं तेही मला माहीत आहे: साधी गाठ आहे, छोटंसं ऑपरेशन करायचंय, मग बरं वाटेल. दोघा भावांनी मिळून ते ठरवलं. आईला सांगायचं नाही, आई हाय खाईल. आणि मला म्हणाले, तू दोन-चार दिवस आईकडे जाऊ नकोस, तुझ्या तोंडावरून तिला कळेल.

त्यांच्या जागी ते बरोबर असतील. तुमची मुलं आहेत, त्यांना तुम्हाला घाबरलेलं बघवत नाही. नयन रात्री पाठ फिरवून झोपतो आणि मला वाटू देतो की झोपलाय. पण तुम्ही माझ्यासमोर तोंड उघडलंत ते मी खरं सांगेन म्हणून. दुसरं कारण नव्हतं. म्हणून हे पत्र मी नयनच्या हाती न देता पोस्टात टाकतेय.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे. उजव्या गालाचा. मानेत एक गाठ लागते, तीही काढतील. ऑपरेशन मोठं आहे, छोटं नाही. गालाचा आतला भाग, त्या बाजूचे दात आणि थोडा जबडा जाईल, मांडीची कातडी काढून तिथे लावतील. काही दिवस नाकातल्या नळीनं जेवण. बोलणं पहिल्यासारखं स्पष्ट राहणार नाही, पोथी वाचायला वेळ लागेल. मग किरणांचे शेक घ्यावे लागतील. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मी विचारलं, अगदी वेळेत? ते म्हणाले, अगदी नाही, पण वेळेत. उरलेलं सगळं त्यावर उभं आहे आणि मला ते पुरेसं वाटतंय. वाटून घ्यायचं ठरवलंय.

पाल्यानं हे झालं का, असं तुम्ही मनात विचाराल. नाही. पाल्यानं झालं नाही, पाल्यात दिवस गेले. पेपरात माझं नाव नसतं तर तुम्ही कदाचित महिनाभर आधी गेला असतात. हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी काही खोटं बोललेले नव्हते, तरी जात नाही.

मला भीती वाटते आई. तुम्हाला वाटत असेल त्याहून जास्त नसेल, पण वाटते. तुम्ही आता चिडला असाल तर माझ्यावर चिडा, मुलांवर नको. आणि ऑपरेशनला 'नाही' म्हणू नका. एवढंच मागणं आहे.

मशेरीचा तो पितळी डबा तुम्ही पिंपाच्या मागे ठेवता, मला ठाऊक आहे. माझ्या बशा टाकल्यात ना, त्याच घंटागाडीत तो टाका. तुमच्या हातानं.

कृतिका


डोंबिवली, १६ मार्च

आई,

काल वॉर्डात तुम्ही पाटीवर लिहिलंत, 'बुरशी काय बोलते'. मी उत्तर देणार तेवढ्यात सिस्टर ड्रेसिंगला आल्या आणि मला बाहेर काढलं. मग भेटायची वेळ संपली. म्हणून हे लिहून समृद्धीबरोबर पाठवतेय. उशाशी बसून ती वाचून दाखवेल. तुम्ही मान हलवू नका, टाके ओढतात.

आधी राहिलेलं सांगते. मी पत्र टाकलं त्यावरून नयन माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मग तुम्ही त्याला म्हणालात, "तिना सांगलंय मना. आता तुमी दोघां खोटा बोलू नको, ऑपरेशनची तारीख सांग." त्या रात्री तो माझ्याजवळ बसून लहान मुलासारखा रडला. आणि समृद्धी म्हणाली, डबा तुम्ही स्वतः नेऊन टाकलात आणि घंटागाडीवाल्याला तो परत काढायला मनाई केलीत. तो पितळ बघून काढणारच होता.

बुरशी. जानेवारीत तुम्ही काढून दिलेल्या पानांचा काढा तिच्या खाण्यात घातला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी तो प्रयोग बंद करायला निघाले होते. परवा बशी उजेडात धरली तर थेंबाभोवती वर्तुळ होतं. लहान, नखाएवढं, पेपरवाल्याला दाखवण्यासारखं मुळीच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आधी तुम्हाला.

पण पानं संपली. पुन्हा करून बघायचं तर पानं हवीत. म्हणून काल पहाटे नयनला पाठवलं. त्यानं काय आणलं असेल? करंजाला आत्ता नवी पालवी आहे ना, ती चकाकणारी, लुसलुशीत पानं. ओरबाडून. निम्म्यांना अळीनं भोकं पाडलेली. आणि मिठाईच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. कल्याणला पोचेपर्यंत त्यांची भाजी झाली होती. तो इतका खूश होता, की मी पिशवी घेतली आणि 'वा' म्हटलं.

डॉक्टर म्हणतात, टाके सुकले की शेक सुरू. ते वैशाखापर्यंत चालतील. झाडावरची ही पानं जून व्हायलाही तेवढेच दिवस लागतील, तोवर काही घाई नाही.

शेक चालू असेपर्यंत मी घोडबंदरला राहायला येतेय. समृद्धीला एकटीला जमणार नाही, आणि नळीतून पेज घालायचं मी शिकून घेतलंय. कल्याणला जायला लांब पडेल, पडू दे. बुरशीच्या नळ्या बरोबर आणतेय, कॉलेजच्या फ्रिजवर माझा भरवसा नाही. आपल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. या वर्षी गौरीच्या आधी फ्रिज साफ करायचा झाला तर मला हाक मारा. आवाज फुटत नसेल तर पाटी वाजवा.

आणि पानं तुम्हीच काढायची आहेत. नयनला मी पुन्हा पाठवणार नाही.

कृतिका